‘तो लहान आहे, त्याला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

मॅडम, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातली. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला जाते. मुलाला सोळा पूर्ण झालीत, अकरावीत आहे. मुलगी अकरा वर्षांची. नवरा दोन वर्षांपासून वेगळा राहतो, घटस्फोटाची केस चालू आहे, मुलं माझ्याजवळ आहेत.

गेल्या महिन्यात रात्री पोलीस घरी आले आणि पोराला घेऊन गेले. गल्लीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने मोटारसायकल चोरली होती आणि माझा मुलगा तिच्यावर मागे बसून फिरला होता. तो म्हणतो, गाडी मामाची आहे असं त्याला सांगितलं होतं. रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, एकाने कानाखाली दिल्या, कसल्यातरी कागदांवर सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे नेलं, तिथे जामीन झाला. आता पुढची तारीख आहे. त्या मुलाच्या घरचे म्हणतात, दोघांचा एकच वकील करू, खर्च आम्ही करतो, तुमच्या पोराने ‘गाडी मीच काढली’ एवढं सांगायचं. तो लहान आहे, त्याला काही होत नाही. इकडे गावातल्या ग्रुपवर त्याचा नावासकट फोटो फिरतोय. त्याला पोलीस भरतीत जायचं होतं.

नवऱ्याने फीचे पैसे बंद केलेत. पोरगं तुझ्यामुळे बिघडलं, आता दोघांचाही ताबा घेतो म्हणतो. मुलीला कोर्टात विचारतील असं वकील म्हणाले. तिला काय शिकवून पाठवू? आणि एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. ठाण्यातून पोराने पहिला फोन बापाला केला, मला नाही.

— एक आई

ताई, आधी त्या शेजाऱ्यांच्या प्रस्तावाबद्दल बोलते, कारण त्याचं उत्तर तुम्हाला पुढच्या तारखेच्या आत द्यायचं आहे. उत्तर ‘नाही’ असंच द्या. नम्रपणे द्या, पण आजच द्या.

हा प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यात, गल्लीगल्लीत दिला जातो. मोठ्याने करायचं आणि अठराच्या आतल्या पोराच्या अंगावर ढकलायचं, कारण ‘त्याला काही होत नाही’. होतं. खोटी कबुली दिली तर जे त्याने केलं नाही ते त्याच्या नावावर लागतं, आणि ज्याच्यामुळे तो यात ओढला गेला तो मोकळा फिरतो. बाल न्याय कायद्याने हा डाव ओळखला आहे. बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढाला कलम ८३ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. तुमच्या प्रकरणात ते कलम लागेल की नाही हे पुरावा ठरवेल. पण एकोणीस वर्षांच्या मुलाचं आणि तुमच्या मुलाचं हित एक नाही, हे आत्ताच उघड आहे. म्हणून दोघांचा वकील एक असता कामा नये. दोघांची प्रकरणंही एकत्र चालत नाहीत. कलम २३ तशी परवानगीच देत नाही. त्याचं प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जाईल, तुमच्या मुलाचं मंडळापुढेच राहील.

खर्चाची काळजी हे त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याचं कारण असेल, तर ती काळजी सोडा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तुम्हालाही मिळतो, मुलालाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोन केलात तरी वाट दाखवतील. मंडळापुढे तोंडी मागितलंत तरी वकील देणं हे मंडळाचं काम आहे.

वकील आले की पहिल्या भेटीत तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा. हे तुम्हाला जड जाईल, तरी करा. तो वकील मुलाचा आहे, तुमचा नाही. गाडी चोरीची आहे हे त्याला कळलं होतं का, कळलं तर कधी कळलं, हे तो आईसमोर आणि वकिलासमोर वेगवेगळं सांगू शकतो. वकिलाला खरं कळणं गरजेचं आहे.

आता ती रात्र. तुमच्या मुलाच्या बाबतीत त्या रात्री जे झालं त्यातलं बरंच कायद्याला धरून नव्हतं. अतिगंभीर गुन्हा नसेल तर मुलाला ताब्यात घ्यायचंच नाही, असा नियम आहे. ते त्याच्याच हिताचं असेल तेवढाच अपवाद. नाहीतर पोलिसांनी माहिती मंडळाला पाठवायची आणि पालकांना कळवायचं की अमुक दिवशी मुलाला घेऊन या. ताब्यात घेतलंच तर त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं, पालकांना लगेच कळवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे उभं करायचं. कोठडीत ठेवायचं नाही म्हणजे नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १० मध्ये ‘कोणत्याही परिस्थितीत नाही’ असंच म्हटलं आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पुन्हा आठवण करून देताना बाल न्याय मंडळांनाही बजावलं की तुम्ही गप्प बसून बघत राहायचं नाही. बेडी घालायची नाही, मारायचं नाही, कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही. एफआयआर नोंदवली हे मात्र नियमात बसतं, कारण सोबत प्रौढ होता. एकटं मूल असतं आणि आरोप असा किरकोळ असता, तर फक्त ठाण्याच्या डायरीत नोंद झाली असती.

सह्यांना घाबरू नका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, मोठ्यांच्या बाबतीतही नाही. पण सह्या घेतल्या आणि मारलं, या दोन्ही गोष्टी पुढच्या तारखेला मंडळाला सांगायच्या. मुलाने स्वतः, त्याच्या शब्दांत. घरी आल्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं असेल तर तो कागद सोबत ठेवा. ‘पोलिसांशी वैर नको’ असं चार जण सांगतील, आणि त्यांची भीती खोटी नाही. तरी मी म्हणेन, सांगा. मंडळ त्याच्यासाठीच आहे, आणि तुम्ही गप्प राहिलात तर गल्लीतल्या पुढच्या पोराच्याही कानाखाली बसेल.

मंडळाची खोली तुम्ही पाहिली आहे, पण त्या दिवशी तुम्ही भानावर नसणार, म्हणून सांगते. तिथे साक्षीदाराचा पिंजरा नसतो. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक बाई, असे तिघे बसतात. पोलीसही तिथे साध्या कपड्यांत यायला हवेत. मी अशा खोल्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच दृश्य पाहते. मंडळ मुलाला विचारतं, ‘कितवीत आहेस?’ आणि उत्तर आई देते. ‘दिवसभर काय करतोस?’ उत्तर आई देते. मूल खाली बघत नखं कुरतडत बसतं. मग सदस्य बाई म्हणतात, ‘ताई, त्याला बोलू द्या.’ मुलाचं म्हणणं ऐकलं जाणं हा कलम ३ मध्ये लिहिलेला त्याचा हक्क आहे. त्याच कलमात हेही आहे की अठराच्या आतल्या मुलाच्या मनात वाईट हेतू नव्हता असं गृहीत धरूनच चौकशी सुरू करायची. तेव्हा तो अडखळला, चुकीचं बोलला, रडला, तरी चालेल. तुम्ही मध्ये पडू नका.

परिविक्षा अधिकारी, म्हणजे मंडळासाठी मुलाच्या घरची-परिस्थितीची माहिती काढणारे अधिकारी, तुमच्या घरी येतील किंवा तुम्हाला बोलावतील. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळ फार लक्ष देऊन वाचतं. घर आवरून ठेवण्यापेक्षा खरं बोलणं महत्त्वाचं आहे. नवरा वेगळा राहतो, मी कामाला जाते, दुपारी पोरगं एकटं असतं, हे सगळं सांगा. त्यावरूनच ते समुपदेशन सुचवतात, कॉलेजशी बोलतात, मुलाला कुठे गुंतवता येईल ते बघतात.

चोरीच्या या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणून बाल न्याय कायद्याच्या हिशेबात तो किरकोळ गुन्हा ठरतो. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे उभं केलं त्या दिवसापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची असते. मुदतवाढ मिळालीच तर दोन महिन्यांची, त्यापुढे नाही. तेवढ्यातही संपली नाही, तर किरकोळ गुन्ह्याची चौकशी बंद होते. तो पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि वकिलांनाही आठवण द्या. मुलाचा दोष दिसून आलाच, तर समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या ताब्यात देखरेखीखाली ठेवणं, असे मार्ग मंडळापुढे असतात. विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत पाठवण्याचाही अधिकार आहे, हे लपवत नाही. पण संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याचंच तत्त्व आहे. एक कागद मात्र आजच फाइलला लावा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. वय ठरवताना कायदा हेच कागद आधी बघतो. त्या यादीत आधार कार्ड नाही.

भरतीबद्दल. कलम २४ सांगतं की अशा प्रकरणामुळे मुलाच्या वाट्याला कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्या दोषाची नोंद नष्ट करायची असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे तसं काहीच नाही. प्रकरण चालू असो, बंद झालं असो किंवा निकाली निघालं असो, चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी ते उघडही करायचं नाही. २०१९ मध्ये केंद्रीय सुरक्षा दलातल्या एका नेमणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालय उमेदवाराच्या बाजूने उभं राहिलं: अल्पवयात घडलेल्या गोष्टीचा डाग पुढच्या नोकरीवर पडू द्यायचा नाही. तेव्हा पोराला पळायला, व्यायामाला पाठवत राहा. मैदान सुटलं की ही मुलं पुन्हा त्याच कट्ट्यावर जाऊन बसतात.

तो ग्रुपवरचा फोटो गुन्हा आहे. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. वर्तमानपत्र, टीव्ही यांच्यासोबत ‘संपर्काची इतर साधनं’ही त्या कलमात आहेत. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यात तारीख आणि ज्याने टाकलं त्याचा नंबर दिसू द्या. मग ग्रुपच्या अ‍ॅडमिनला स्वच्छ शब्दांत लिहा की काढून टाका. बहुतेक जण कलम वाचून काढतात. नाही काढलं तर स्क्रीनशॉट घेऊन मंडळापुढे तक्रार करा.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हापासून ‘पोरांना कायदा सोडून देतो’ हे वाक्य मी रोज ऐकते. त्या घरांचं दुःख मोठं आहे आणि तो राग मला कळतो. पण त्या रागापायी दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसलेल्या तुमच्या पोराला गावाने गुन्हेगार ठरवावं, हे मला मान्य नाही.

आता मुलीचं. ताई, तिला काहीही शिकवून पाठवू नका.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्यात कलम १७ आहे. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं, असं ते सांगतं. त्यात वयाचा आकडा दिलेला नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ तर ताबा, पोटगी आणि शिक्षणाचा आदेश देताना शक्य तिथे मुलांच्या इच्छेशी मेळ ठेवा असंच म्हणतं. पण शेवटचा शब्द पसंतीचा नसतो, कल्याणाचा असतो. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ मुलाचं कल्याण सर्वांच्या वर ठेवतं. बापाच्या हक्काच्या वर आणि आईच्या हक्काच्याही वर. १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत.

न्यायाधीश मुलांशी बहुधा चेंबरमध्ये बोलतात, वकील बाहेर, आईवडील बाहेर. कधी समुपदेशक आधी बोलून घेतात. विचारतात काय? मैत्रिणीचं नाव काय, डब्यात काय नेतेस, वेणी कोण घालतं, बाबांकडे गेलीस की कुठे झोपतेस, भाऊ चिडवतो का. अशा गप्पांमध्ये अकरा वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली की ‘वडील आमचा मानसिक छळ करतात व जबाबदारी टाळतात’, तर समोरच्याला दोन सेकंदांत कळतं की हे वाक्य कोणाच्या तरी अर्जातलं आहे. मग तिच्या खऱ्या वाक्यांवरही विश्वास बसत नाही. आणि तिच्यावर काय बीततं याचा विचार करा. एका खोलीत जाऊन तिने बापाविरुद्ध साक्ष दिली, असं ओझं ती पुढची कित्येक वर्षं वाहील. तिला एवढंच सांगा: ‘एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलतील. जे वाटतं ते सांग. काही सांगायचं नसेल तर नको सांगू. घरी आल्यावर मी विचारणार नाही.’ आणि खरंच विचारू नका.

नवऱ्याच्या धमकीने झोप घालवू नका. मुलगा एका प्रकरणात आला म्हणून दोन्ही मुलांचा ताबा आपोआप बापाकडे जात नाही. सोळा वर्षांच्या मुलाचं म्हणणं न्यायालय सहजासहजी बाजूला सारत नाही, आणि भावंडांची ताटातूट करायला न्यायालयं नाखूष असतात. तुमच्या केसमध्ये नवरा हा विषय काढेलच. त्याला उत्तर म्हणून मुलाची एकही तारीख चुकवू नका, कॉलेजची हजेरी सांभाळा, समुपदेशन चालू असेल तर त्याचे कागद ठेवा. आरोपाला प्रत्यारोप करत बसलात तर निकाल मागे पडतो आणि मुलं मोठी होऊन जातात.

फी मात्र सोडायची नाही. पोटगी हा मुलांचा हक्क आहे, त्यांच्या वागणुकीचं बक्षीस नव्हे. मुलगा चुकला म्हणून ती थांबत नाही, मुलगी भेटायला आली नाही म्हणूनही थांबत नाही. चालू केसमध्येच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांच्या अंतरिम खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज करा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो निकाली काढावा असं कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही आपलं उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागते. तुमची पगाराची चिठ्ठी आणि फीच्या पावत्या जोडा.

आणि तो फोन. तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंत, म्हणून मी त्यावर थोडं जास्त बोलते. आई कामावरून थकून आलेली असते, रात्री ठाण्यात एकटी कशी येईल, आलीच तर रडेल, असं त्याच्या मनात आलं असेल. किंवा पोलिसांसमोर बाप हवा असं वाटलं असेल. किंवा बापाची आठवण आली असेल, कारण दोन वर्षांपासून तो घरात नाही. यातलं काय ते त्यालाच माहीत. यातलं काहीही तुमच्या विरुद्ध नाही. तुमची आणि नवऱ्याची केस तुमची आहे. मुलाला आई आणि बाप दोघेही हवेत, आणि कायदाही त्याला ते नाकारत नाही. मंडळाच्या तारखेला बाप आला तर येऊ द्या. एका बाकावर बसावं लागलं तर बसा. आईवडील या मुलापुरते एकत्र आहेत हे मंडळाला दिसणं मुलाच्या फायद्याचं आहे. तो आला नाही, तर तशी नोंद तुमच्या वकिलांकडून करून घ्या.

घटस्फोटाची तारीख कधी आहे हे मुलाला सांगू की नको, असंही तुमच्या मनात असेल. सांगा. सोळा वर्षांच्या मुलापासून ते लपत नाही. तो दाराआडून फोन ऐकतोच. त्याला त्या केसमध्ये काही म्हणायचं असेल तर वकिलांमार्फत न्यायाधीशांना भेटण्याची विनंती करता येते, हेही सांगा. जायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.